सत्तर बाय शंभर

भिशीवाला रोज दुपारी चारला यायचा,
माझ्या भात-चवळीच्या डेगीपाशी थांबायचा,
निळ्या कार्डावरचा एक चौकोन खोडायचा.
सहा वर्षं.
एकतीस चौकोनांचा महिना,
त्यातला एक त्याचा.

त्या चौकोनांची जमीन झाली आहे
डोडोवाच्या पुढे, शाईच्या डोंगरांखाली,
जिथे मिनीबस थांबवली की ड्रायव्हर वळून बघतो:
"इथे? नक्की?"

वाटेत भिंतीभिंतीवर लाल रंगात लिहिलेलं,
ही जमीन विकाऊ नाही.
एका ठिकाणी भिंतसुद्धा नव्हती,
नुसतं लोखंडी फाटक उभं होतं माळावर,
त्याच्यावरही.
माझ्या मावसबहिणीचा प्लॉट तिघांना विकला गेला होता.
त्या तिघांची आता चांगली ओळख आहे,
कोर्टाच्या बाकावर डबा वाटून खातात.

म्हणून आम्ही रीतसर गेलो.
नेनेच्या ओसरीवर श्नॅप्सच्या दोन बाटल्या ठेवल्या.
म्हाताऱ्यानं बुचाचं सील नखानं तपासलं,
पहिला घोट मातीला दिला
आणि नावं घेऊ लागला.
इतकी नावं, इतकी,
की मला वाटलं ही जागा आधीच भरलेली आहे,
आपण फक्त वरच्या मजल्याचे भाडेकरू.

पावतीवर माझं नाव चुकलं.
एन्योनामचं एन्योमान.
एलिकेम म्हणाला, राहू दे, एका अक्षरानं काय होतं.
मी हटून बसले.
सहा वर्षं डेगीच्या वाफेत उभी होती
ती बाई दुसरी कुणी नव्हती.
अक्षर बदलायचे वेगळे पैसे पडले. दिले.

सर्व्हेअर पोरगेलाच होता.
त्यानं तीन खांब पुरले, चौथ्याच्या वाटेत वारूळ आलं,
माझ्या उंचीचं, लाल, आतून गजबजलेलं.
"चांगलं लक्षण," तो म्हणाला,
"वारूळ असतं तिथे पाणी साचत नाही."
मी मनात म्हटलं, म्हणजे पहिलं घर झालंय बांधून.
नकाशा मंजूर न करता.

आणि मग कसावाच्या पानांतून
कोयता हातात घेऊन एक बाई उभी राहिली.
कोर्लेकी. अकरा वर्षं इथे लावत होती.
"मला कुणी सांगितलं नाही," म्हणाली,
रागानं नाही,
टोमॅटोचा भाव सांगावा तसं.

एलिकेमनं कागद पुढे केला.
शिक्का, सही, चार कोपऱ्यांचे आकडे.
तिनं तो उलटा धरला, बराच वेळ पाहिला,
घडी मोडू न देता परत दिला.
मग वाकून एक रोप उपटून दाखवलं.
मुळाशी कंद होते, बोटाएवढे.
"एवढ्यांचं मी काय करू?"

नेनेच्या माणसानं फोनवर बजावलं:
होय म्हणालात तर ती कधीच उठणार नाही.
असेल.
आमच्याकडे तरी विटांना पैसे कुठे होते?
खिशात परतीच्या भाड्याचे सेडी,
आणि एलिकेमच्या वहीत पेन्सिलीनं काढलेलं घर,
ज्याचं स्वयंपाकघर दर रविवारी
एका वीतेनं मोठं होतं.

होय म्हणालो. एक हंगाम.

परवा गेले तर तिनं पिशवी भरून ठेवली होती.
घरी आणून कंद कुटले, खाल्ले.
पोरांनी विचारलं, आपल्या जमिनीतला ना?
मी तोंडात घास असल्याचं निमित्त केलं.
भाडं होतं ते, की आहेर,
की आम्हीच तिच्याकडे पाहुणे जेवून आलो,
ते काही कागदावर नाही.

चौथा खांब शेवटी वारुळाला वळसा घालून पुरलाय.
त्याला तिची शेळी बांधलेली होती.
दोरी चांगली लांब.
ती आमच्या हद्दीत चरत होती,
मग शेजारच्या,
मग पुन्हा आमच्या.