प्रमाण

तेरा वर्षांचा होतो, आदगोंडा अण्णांच्या दुकानात लागलो.
पावशेराची पुडी, दोऱ्याचे दोन वेढे,
गाठ नाही. पीळ.
गणपती पेठेत डोळे मिटून चाललं तरी कळायचं
कुठं हळद, कुठं मिरची, कुठं तंबाखू,
आणि कुठं आम्ही.

प्लायवूडच्या पेट्या, आत चंदेरी कागद,
वर काळ्या शाईत मळ्यांची नावं, मला न वाचता येणारी.
आसामची उघडली की ओल्या गुळाचा वास.
निलगिरीची उघडली की लांबून कुणी आल्यासारखं वाटायचं.
डस्ट नाकात जायची, दिवसभर शिंका.
गिऱ्हाईक डस्टच मागायचं : थोडक्यात रंग.
एक डॉक्टरीणबाई तेवढ्या पानाचा चहा न्यायच्या,
बिनदुधाचा प्यायच्या म्हणे.
आम्हाला वाटायचं, आजारी असतील.

अण्णा सांगायचे, त्यांच्या वडिलांच्या वेळी
आठवडी बाजाराला कंपनीची गाडी यायची, फुकट चहा पाजायची.
लोक बशी धरून विचारायचे, कशावरचं औषध?
गाडीवाला म्हणायचा, कशावर पण.
दोन वर्षांनी गाडी यायची थांबली.
तोवर डोकी दुखायला लागली होती.

मिसळायचं काम अण्णांचं.
दार लोटून, घमेल्यात कोपरापर्यंत हात घालून.
प्रमाण लाल वहीत, वही गल्ल्यात,
गल्ल्याची किल्ली करगोट्याला.
आणि दिवस मावळला की तोंडात पाण्याचा थेंब नाही.
रात्री पाव्हणे आले तर त्यांना पाजायचे,
स्वतः फक्त वाफेत तोंड धरायचे.

मग ते पाणी आलं.
आयर्विन पुलावरचा आकडा लोक तासातासाला ओरडून सांगत होते.
पेट्या फुगल्या, फुटल्या.
माडीवरून पाहिलं : गल्लीभर तपकिरी,
त्यातलं नदीचं कुठलं, आमचं कुठलं, कळेना.
शेजारच्यांचे बेदाण्याचे बॉक्स त्यातनं तरंगत गेले.
कुणीतरी हाक मारली, अण्णा, साखर टाका आता!
अण्णा हसले.
तसं हसताना मी त्यांना आधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

वही सापडली. लगदा.
"हाताला म्हाईत हुतं," अण्णा म्हणाले,
हात मांडीवर थरथरत होता.

मी गिऱ्हाइकांना विचारत हिंडलो.
मार्केट यार्डातला दस्तगीर हमाल म्हणाला,
दुसऱ्या घोटाला कुणी पाठीवरचं पोतं उचलून धरल्यागत वाटायचं.
स्टँडवरचा गाडेवाला म्हणाला, तिसरं पाणी ओतलं तरी रंग हलायचा नाही.
मिरजेच्या दवाखान्यातल्या रात्रपाळीच्या एस्तेर सिस्टर म्हणाल्या,
गार झाला तरी पिता यायचा,
गरम मला कधी मिळालाच नाही.
पार्वताक्का बराच वेळ गप्प बसली.
"मालकांच्या दहाव्याला तुमचाच हुता," म्हणाली.
"चव काय ध्यानात न्हाई बघ."

यातून काय मोजणार?
तरी मोजलं. अकरा नमुने फेकले.
बारावा केला तेव्हा सांज झाली होती.
कप अण्णांपुढं ठेवला.
त्यांनी खिडकीकडं पाहिलं, ऊन गेलेलं,
आणि कपावर बशी पालथी घातली.

रात्रभर तो तसाच.
शिळं खाऊ नये, हाही त्यांचाच नियम.
सूर्य दोन हात वर आल्यावर त्यांनी बशी काढली,
साय बोटानं सारली,
आणि प्यायले. गार. तळच्या गाळापर्यंत.

"बरोबर हाय."
मग बऱ्याच वेळानं,
दस्तगीर पुडी घेऊन गेल्यावर,
"न्हाई."

मी नवी वही उघडी धरून उभा.
"लिव्ह," म्हणाले,
"पेन्सिलीनं लिव्ह."