गळ्यातली थैली

कागदावर त्याचं नाव लांबलचक आहे, जर्मन,
तीन पिढ्यांच्या आईबापांसकट.
मला माझ्या पणज्याचं नावसुद्धा धड माहीत नाही.
मी दामू म्हणतो. तो येतो.

सौमित्रने आणला, अकरा महिने सांभाळला,
मग त्याला नोकरी लागली श्टुटगार्टला.
परवा फोनवर म्हणाला, बाबा,
रोटवाइलला जाऊन आलो, दामूच्या मूळ गावी.
म्हणजे बघा,
ज्याचं ते गाव तो डहाणूकर कॉलनीत,
आणि ज्याची ही कॉलनी, तो तिथे.

रोमन फौजेमागून आल्प्स ओलांडले म्हणे यांच्या पूर्वजांनी.
लढायला नव्हे. फौजेचं जेवण चार पायांवर चालायचं,
ते हाकायला.
पुढे खाटकांच्या गाड्या ओढल्या.
बाजार उठला की खाटीक पैशांची थैली
कुत्र्याच्या गळ्यात बांधायचा
आणि बिनघोर गुत्त्यात जाऊन बसायचा.

हे ऐकलं आणि मी चष्मा काढून ठेवला.
छत्तीस वर्षं कॅशियर होतो मी, जाळीच्या आत.
एकदाच एकशे दहा रुपये कमी भरले,
खिशातून घातले. अजून आठवतात.
दामू, लेका, आपण एकाच खात्यातले.

दातारबाई त्याला बघून फुटपाथ बदलतात.
भुंकत नाही, म्हणूनच भीती वाटते म्हणतात.
खरं आहे त्यांचं. तो आधी बघतो,
नोटा मोजताना मी बोलायचो नाही, तसा.
मीटर बघायला आलेला पोरगा
वीस मिनिटं जिन्यात उभा होता एकदा.
दामू फक्त समोर बसला होता.
मग त्याला चहा दिला, साखर जरा जास्त घालून.

लाडात आला की पन्नास किलो अंग
माझ्या पायांवर टाकतो.
डॉक्टर शेवडे म्हणाले, नुसता लाड नाही हा,
गुरं अशीच ढकलत न्यायचे हे, खांद्याने.

शोभाच्या उरलेल्या खणाची थैली शिवली आहे मी.
पहाटे ती त्याच्या गळ्यात, दुधाचे पैसे आत.
घुले डेअरीवाले सुटे परत टाकतात,
बोटं अजून थरथरतात त्यांची.
हिशोब चुकलेला नाही.

येताना हल्ली मी उगाच वळतो
म्हातोबाच्या टेकडीकडे, त्या बाकाकडे.
मग मांडीला खांदा लागतो.
हलकेच. मग जरा जोरात.

गुरं काही बोलत नसतील बहुधा.
मीही बोलत नाही.