चेसिस नंबर

सुआमे मॅगझिन, कुमासीच्या उत्तरेला.
इथली जमीन काळी आहे ती मातीने नव्हे, तेलाने.
ब्रेम्पाँग मास्तर कुठलाच पार्ट नुसत्या डोळ्यांनी घेत नाहीत.
हॅम्बुर्गचा कंटेनर उघडला की
आधी वास.
मग करंगळी आत घालून फिरवतात,
कधी जिभेलाही लावतात, मी पाहिलंय.
"जळलेलं आहे," म्हणतात, "वरून रंगवलंय."
विकणारा देवाची शपथ घेतो.
मास्तर बोट पुसतात.

तेच मास्तर, तेच बोट,
फेब्रुवारीतल्या एका दुपारी माऊसवर.
हार्माटानची धूळ स्क्रीनवर,
पुसली की परत.

गाड्यांशी बोलणारा प्रोग्राम हवा होता.
खरा महाग, वर्षाला दोन इंजिनांच्या भावाचा.
हा फुकट,
आणि फुकट ते पौष्टिक.
कुणी बनवला, कुणी कुलूप फोडलं, कुणी इथे आणून ठेवला,
कुठेच काही नाही.
नुसता एक हिरवा बाण, खाली बोट दाखवणारा,
शेजारी आणखी दोन, एकाहून एक मोठे.
ते कशाचे, आम्ही विचारलं नाही.

सोबत एक चिठ्ठी होती:
आधी अँटिव्हायरस बंद करा.
तो उगाच ओरडतो.

मीच वाचून दाखवली. मी फ्रिम्पोमा,
तिसऱ्या वर्षाची शिकाऊ, वाचायचं काम माझ्याकडे.
वाचताना मला आमचा रखवालदार आठवला, अलहसन,
रात्रभर डोळ्यांत तेल घालून बसतो
(आमच्याकडे हे अगदी खरंही वाटू शकतं).
कुणी येऊन म्हणालं असतं,
याला जरा झोपवा, मग मी फुकट माल आत ठेवतो,
तर मास्तरांनी पाना उचलला असता.
मनात आलं. बोलले नाही.
बाहेर टोयोटा उभी होती,
टोयोटाचा मालक उभा होता,
आणि त्याची घाई त्याच्याही पुढे.

प्रोग्राम चालला. हेच तर.
टोयोटाने सगळं सांगितलं, कुठे दुखतं, कधीपासून.
मास्तर नऊ दिवस खुशीत होते.

दहाव्या सकाळी प्रत्येक फाइलच्या नावामागे
एक नवं आडनाव लागलेलं.
अकरा वर्षांच्या गाड्या,
कुणाकडे किती येणं,
कुठल्या किल्लीचा कुठला कोड,
मास्तरांच्या आईच्या अंत्यविधीचे फोटो,
लाल-काळ्या कापडातली सगळी माणसं.
सगळं जागेवर. सगळं बंद.
पैसे मागणारा सभ्य होता,
दोनदा "कृपया" म्हणाला होता.

मास्तरांनी पैसे दिले नाहीत.
याला मी धैर्य म्हणणार नाही, नव्हतेच.
सतरा फोटो ओबुआसीच्या भाचीच्या फोनमध्ये सापडले.
येणं मात्र ज्यांना आठवलं त्यांनीच दिलं,
म्हणजे तिघांनी.

आता लॅपटॉप मी सांभाळते. त्याचं एक बटण पडलंय.
शुक्रवारी सगळ्याची एक प्रत काढून
ती डबी वायर सोडवून कपाटात ठेवते.
प्रोग्राम घ्यायचा तो बनवणाऱ्याच्या दारातून,
साधा, कमी बोलणारा, पण त्याचा स्वतःचा.
उतरवून झाला की त्यांनी दिलेली लांबलचक ओळ
आणि आपल्या फाइलची ओळ
शेवटच्या अक्षरापर्यंत ताडून बघते.

काल मास्तर मागे येऊन उभे राहिले.
"काय वाचतेस एवढं?"
"चेसिस नंबर," मी म्हटलं.
बस्स. पुढे काही सांगावं लागलं नाही.
घासून पुन्हा ठोकलेला नंबर
ते अंधारात नखाने ओळखतात.
स्टूल ओढून बसले.

"सात."
"सात."
"एफ."
"एफ."
इथे मी अडले. धूळ. डोळे.
"शून्य आहे की ओ, मास्तर?"

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला,
माझ्याकडे असं बघितलं
जसं रंगवलेल्या पंपाकडे बघतात.
"चेसिस नंबरात ओ नसतो, पोरी.
पुढचा वाच."