ओव्याचं फूल

ओव्याचं फूल झाडाला लागत नाही.
झाडाला लागतात पांढऱ्या बारीक छत्र्या,
दिंडोरीच्या रस्त्यावर गाडी थांबवून
कुणी फोटो काढावा अशा नव्हेत.
हे फूल बरणीत येतं. तेही थंडीत.

अंबडच्या शेडमध्ये अण्णा एकतीस वर्षं
डेगीशी उभे. खालून वाफ, वर भरडलेला ओवा,
नळीतून थेंब थेंब पाणी
आणि पाण्यावर पिवळसर तेलाचा पापुद्रा.
तो घाईनं निघत नाही.

निफाडला पारा पाचावर आला की
भल्या पहाटे बरणी न हलवता बघायची.
तळाशी खडे उगवलेले, काचेसारखे.
"फुललं," म्हणायचे
आणि मग हातांवर फुंकर.

तिथून ते फूल जायचं
दुखऱ्या दाढेखाली, कापसाच्या बोळ्यातून;
द्राक्षबागेत राबून चिखल्या झालेल्या बोटांच्या बेचक्यांत;
कांद्याच्या डेंगळ्यांपाशी मांडलेल्या मधपेट्यांत,
माशीला चिकटलेली गोचीड त्यानं गळते म्हणे;
आणि माझ्या दप्तरात, काही कारण नसताना.
सिटी बसचा कंडक्टर रोज विचारायचा,
"आज कुणाचं पोट बिघडलंय?"

मागच्या वर्षी ताप आला नि अण्णांचं नाक गेलं.
दूध करपलं, शेजारीण धावत आली,
हे ओट्यापाशीच पेपर वाचत.
डॉक्टर गोठोसकर म्हणाले, परत येईल. कदाचित नाही.
अण्णा म्हणाले, आयुष्यभराचा कोटा होता,
शेडमध्येच संपला असणार.

काल भद्रकालीतून, शब्बीरभाईंच्या दुकानातून
तीन पुड्या आणल्या:
ओव्याचं फूल, पुदिन्याचं फूल, भीमसेनी कापूर.
तिन्ही सारखी तोलून बाटलीत घातली. बूच लावलं.
विस्तव नाही, पाण्याचा थेंब नाही.
तिघं कोरडी ठक्क, एकमेकांना टेकली
आणि कडेनं ओलावू लागली.
अण्णांनी बाटली कानाशी धरून हलवली.
खडखड. थोड्या वेळानं कमी खडखड.
संध्याकाळी नुसतं डुबुक.

मनगटावर एक थेंब घेतला.
"गार." थांबले.
"आता भाजतंय. ओवा आहे, पक्का."
मग माझ्याकडे न बघता,
"वास कसा येतोय?"

मी उग्र म्हटलं, तिखट म्हटलं,
मग म्हटलं, तुमच्या शर्टाचा.
"कुठल्या?"
सगळ्याच.

ते काही बोलले नाहीत बराच वेळ.
मग म्हणाले, बूच लाव आधी.
उडून जातं ते.