ओढ्याकाठची निरगुडी

सकाळी मूठ मिटत नाही.
गरम पाण्याच्या तांब्याला धरून बसते
दूधवाला येऊन जाईपर्यंत.
मग एकेक बोट उठतं.
करंगळी सगळ्यांत शेवटी.

हुपरीत पैंजणांना घुंगरू जोडते मी.
मजुरी किलोवर.
दुखणं कुठल्या काट्यावर घालू?

शेवंता म्हणाली, लसणीचं दूध घे.
अगं, आमच्यात लसूण चुलीपर्यंत येत नाही.
मग तेलात जाळ आणि नुसतं चोळ,
देव काय वास घेत बसत नाही!
लई हसलो.
तेल तिच्याच चुलीवर जळलं.

रोज संध्याकाळी निरगुडीचा पाला
तव्यावर परतून, लुगड्याच्या चिंधीत बांधते.
शेक असतो तोवर बोटं माझी.
मग पुन्हा त्यांची ती.

पुण्याहून सन्मतीनं गोळ्या पाठवल्या,
हळदीच्याच, मिरी घातलेल्या.
डबी अकराशेची.
एवढ्यात सांगलीची हळद
नातवाच्या लग्नातसुद्धा उरली असती.
तरी घेते. पोरानं पाठवलीय.

परवा अंगठी निघेना.
साबण लावला, दोरा गुंडाळला,
शेवटी पैंजणाच्याच कातरीनं कापली.
ह्यांनी घडवलेली, चांदीची,
काट्यावर तीन ग्रॅम नव्वद.
ह्यांनी काही न बोलता
मुशीत टाकली, भंगाराबरोबर.

आता ती वाजत असेल
कुणाच्या तरी पायात, जिना चढताना.
बाई, गुडघे जप.
आणि पाला लागला तर
ओढ्याला बघ, फुकट असतो.