अजब बंगल्यातलं अस्वल

मागच्या खोलीत पंखा बंद ठेवून काम करावं लागतं.
मे महिना, नागपूर,
पण कागद उडायला नको.
टेबलावर लंडनचा एक छापा, दोनशे वर्षांपलीकडचा,
तांब्याच्या पत्र्यावरून उतरवलेला,
आणि त्यात एक अस्वल
फांदीला उलटं लटकलेलं, वटवाघळासारखं.

कोरणाऱ्यानं अस्वल पाहिलं नसावं.
त्याच्याकडे आलं असेल एक कातडं, मिठात आखडलेलं,
आणि कुणा कप्तानाचं पत्र:
नखं बोटाएवढी, वरचे पुढचे दोन दात नाहीत.
त्यावरून कुणी पंडितानं ठरवलं,
हा झाडाला लोंबणारा आळशी प्राणी.
मग यानं लोंबवलं.
झाड दिलं आपल्या गावचं, ओकचं.
केस मात्र काय कोरलेत!
भिंगाखाली मोजत बसले, चहा निवून गेला.

उईके पाण्याचा जग घेऊन आला, वाकला.
"मॅडम, हे काऊन टांगलं असं?
मोहाखाली पाहा कधी, पहाटे.
माणसावानी बसते थे."
हसला नाही.

त्याच्या बापाला देवलापारकडे
मोह वेचताना गाठलं होतं एकानं.
म्हातारा एकदा इथे आला होता, पोराचं ऑफिस बघायला.
डाव्या गालावर चार चरे, कानापासून ओठापर्यंत,
कडेला किंचित उचललेले,
कोरणी ओढल्यावर तांब्याची कड उचलते तसे.
उजव्या पंजाचं काम, डाव्या गालावर.
छाप्यात सगळं उलटंच उमटतं.

आणि दात नसतात ते वाळवी ओढून घ्यायला.
वारूळ फोडायचं, ओठ लावायचे, श्वास आत.
हे उईकेनं सांगितलं, जग खाली न ठेवता.

या कागदाला वाळवीच लागली होती.
कुठल्या कपाटात, कुठल्या पावसाळ्यात, नोंद नाही.
ओक खाल्लाय. फांदी खाल्लीय.
खालच्या टेकडीवरच्या दोन मेंढ्यासुद्धा.
अस्वलाला शिवली नाही.
आता ते कशालाच लटकलेलं नाही.

आमचा नियम: भोक बुजवायचं, रेघ ओढायची नाही.
मी जपानी कागद फाडते, पातळ खळ लावते,
ओकच्या जागी कोरं ठेवते.

"फिरवा बरं जरासं," उईके म्हणाला.
खालची बाजू वर केली.
इंग्रजी अक्षरं डोक्यावर उभी राहिली,
अस्वल पायांवर.
पंजे वर, तोंड आमच्याकडे.

उईके अर्धं पाऊल मागे सरला.
जगातलं पाणी हिंदकळलं.