१२४६ म्हणजे कोण

बियाण्याची कंपनी दर नाताळात फुकट वाटायची
ती खिशातली वही. पुठ्ठा हिरवा,
मागच्या पानावर इंचांची पट्टी.
बाबांनी अशा अठरा भरल्या.
आज बुटांच्या खोक्यातून त्या टेबलावर ओतल्यात.

१२४६ — मध्येच अडकलंय. घाई नको.
१०८८ — अशक्त. पहिली रात्र निघाली तर बघू.
२३०२ — आईनंच लाथाडलं.
२११७ — उभं राहायला नको होतं. राहिलं.

यातला गाईच्या कानातला बिल्ला कुठला
आणि विधेयकाचा क्रमांक कुठला,
हे आर्लन स्कोगस्टाडच सांगू शकला असता.
त्यांनी कुठंच लिहिलं नाही.

नॉर्थ डाकोटात विधिमंडळ भरतं
एक वर्षाआड, जानेवारीपासून ऐंशी दिवस.
गाई वितात नेमक्या त्याच दिवसांत.
ज्यानं हे ठरवलं, आई म्हणायची,
त्याच्या दारात एक शेरडूसुद्धा नसणार.

उणे तीस. गोठ्यात मी बॅटरी धरलेली,
आईचा हात कोपरापर्यंत आत,
फोन तिच्या खांद्यात आणि कानात चिमटलेला.
पलीकडे बिस्मार्कला, जिन्याखाली उभे राहून
बाबा कुजबुजत होते :
गुडघा लागला का, डोरीन? मागे लोट. अजून. आता ओढ.
जवळून चाललेले दोन सिनेटर
टाय सावरत थबकले म्हणे.
वासरू पायाळू होतं. जगलं.
सभागृहात बाबा त्या दिवशी गैरहजर, अशी नोंद आहे.

अठरा वर्षांत चारदा बोलले.
दोनदा चराच्या पाण्याबद्दल,
एकदा माईक चालू आहे का ते विचारायला.
चौथ्यांदा २११७ वर.

आमची शाळा. एकतीस मुलं, एक बॉयलर,
पटांगणात बाबांच्या बाबांनी रोवलेला झेंड्याचा खांब.
ती कार्स्टनच्या शाळेत विलीन करायची की नाही.
एकतीस मुलांना रसायनशास्त्र कोण शिकवणार,
एवढंच बोलले, आणि बसले.
फळ्यावर दिवे लागले. त्यांच्या नावापुढे हिरवा.

गावच्या कॅफेत भिंतीवर खुंट्या होत्या,
प्रत्येकाचा कप ठरलेला.
शुक्रवारी ते घरी आले तेव्हा
टपालपेटीत कागदी पिशवी, पिशवीत त्यांचा कप.
धुतलेला होता. पुसलेलाही.
त्यांनी त्यातच कॉफी ओतली
आणि मला विचारलं, पाण्याचे पाइप गोठलेत का.

पुढची निवडणूक एक्केचाळीस मतांनी गेली.
मते मोजणारी बाई माझी बालवाडीची शिक्षिका.
मोजून झाल्यावर तिनं पुन्हा मोजली.

शेवटची वही त्यानंतरची आहे.
तीत पाऊस आहे, डिझेलचा भाव आहे,
कुणा ओलाफच्या बायपासचा खर्च,
आणि एका पानावर, बाकी काही नाही, फक्त
१२४६ — अजून आठवतं.

मी दोन्हीकडे शोधलं.
विधिमंडळाच्या दप्तरात १२४६ म्हणजे
मधमाश्यांच्या पेट्यांची नोंदणी. एकमतानं मंजूर.
आमच्या दप्तरात एक तांबडी कालवड,
डावा कान हिमदंशानं झडलेला,
म्हणून बिल्ला उजव्या कानात.
विकली, मेली की म्हातारी झाली,
लिहिलेलं नाही.